अनेक सीडी, एक पेटी : आवाजाचे दप्तर कसे सांभाळावे

गिरगावातील मॅजेस्टिक चित्रगृहात १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा भारताचा पहिला बोलपट प्रदर्शित झाला. पडद्यावरील माणसे बोलताना ऐकण्यासाठी लोटलेली गर्दी आवरण्याकरिता पोलिसांना पाचारण करावे लागले होते. आज त्या बोलपटाची एकही प्रत उपलब्ध नाही. त्याची छायाचित्रे आहेत, त्यातील गीतांची माहिती आहे. परंतु आवाज मात्र कायमचा हरपला आहे. त्यानंतर वर्षभराच्या आत, १९३२ साली आलेला प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ मात्र आजही पाहता व ऐकता येतो. या दोन बोलपटांच्या भवितव्यात जो फरक पडला तो कलागुणांचा नव्हे. तो जतनाचा आहे.

प्रस्तुत भाषणाचा विषय वरकरणी अगदी किरकोळ वाटण्याजोगा आहे : अनेक सीडी एकत्र ठेवता येतील अशी पेटी कशी असावी? परंतु ज्या वस्तूत आवाज साठविला आहे ती वस्तू नीट ठेवली नाही, तर गिरगावात एकदा घडले ते पुन्हा घडू शकते, आणि या वेळी ते एखाद्या चित्रपटाच्या बाबतीत नव्हे, तर घरोघरी, शाळाशाळांतून आणि कार्यालयांच्या कपाटांतून घडेल.

एका वर्षातील दोन घटना

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. परळ, लालबाग, चिंचपोकळी या गिरणगावाचे रूप पालटविणारी ही घटना होती. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात जपानमध्ये सीडी आणि ती वाजविणारे यंत्र बाजारात आले. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. तथापि पुढील पंचवीस-तीस वर्षांत त्या नकळत जवळ आल्या. गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहत असताना, गिरणगावातील भजनी मंडळे, गणेशोत्सव मंडळे, हौशी नाट्यसंस्था आणि सामान्य कुटुंबे यांनी आपल्या आठवणी प्रथम कॅसेटवर आणि नंतर सीडीवर उतरविल्या. लग्नसमारंभ, शाळेचे संमेलन, मंडळाच्या सुवर्णमहोत्सवातील भाषणे, एखाद्या वृद्ध शाहिराने म्हटलेला पोवाडा, हे सर्व बारा सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीवर आले.

मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातील माणसांच्या मुलाखती घेऊन ‘वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस’ हा ग्रंथ २००४ साली सिद्ध केला. सामान्य कामगाराच्या तोंडून निघालेले शब्द हे इतिहासाचे साधन असते, हे या ग्रंथाने दाखवून दिले. ज्या आठवणींचा ग्रंथ झाला नाही, त्या आजही कोठेतरी माळ्यावर, ट्रंकेत किंवा रबर लावलेल्या गठ्ठ्यात पडून आहेत. दहा बाय बाराच्या खोलीतून पुनर्विकासाच्या निमित्ताने बिऱ्हाड हलते, तेव्हा भांडीकुंडी मोजून नेली जातात आणि जुन्या सीडींचा गठ्ठा भंगारात जातो. तो गठ्ठा पेटीत असता, पेटीवर नाव असते, तर तो बहुधा वाचला असता.

शासकीय कार्यालयांची स्थिती फारशी निराळी नाही. निविदा, नकाशे, मतदान प्रक्रियेचे चित्रीकरण, प्रशिक्षणाचे पाठ असे कितीतरी साहित्य अनेक वर्षे सीडीवर येत राहिले व धारिकेच्या शेवटच्या पानाला टाचणीने लावले गेले. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमात संगणकाद्वारे तयार झालेल्या साहित्याचा समावेश अभिलेखांत करण्यात आला आहे. २००५ च्या माहितीच्या अधिकार अधिनियमानेही डिस्केट, फ्लॉपी, फीत अशा स्वरूपात माहिती मिळविण्याचा अधिकार नागरिकांस दिला आहे. सारांश, धारिकेतील सीडी ही धारिकेइतकीच जबाबदारीची वस्तू आहे.

पेटीची जुनी परंपरा

एकसारख्या अनेक वस्तू एकत्र, सुटसुटीत व ओळखता येतील अशा ठेवण्याची कला महाराष्ट्राला नवी नाही. पोथी दोन लाकडी फळ्यांत धरून कापडात बांधली जाई. पेशवे दप्तरातील कागद आजही रुमालांत बांधलेले आहेत. ‘रुमाल’ हा शब्दच तेथे कागदांच्या गठ्ठ्याचा वाचक झाला आहे. घरातील मसाल्याचा डबा पाहिला, तर प्रत्येक जिन्नसाला स्वतंत्र वाटी, सर्वांना मिळून एक झाकण, आणि डोळे मिटूनही मोहरी कोठे व हळद कोठे हे सांगता येईल अशी रचना त्यात आढळते. चांगल्या पेटीची तीनही लक्षणे या डब्यात आहेत.

ध्वनिमुद्रणाच्या इतिहासातही हाच प्रश्न प्रारंभापासून होता. लाखेच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूस साधारण तीन मिनिटांचे गायन मावे. दीर्घ रचना अनेक तबकड्यांवर घ्यावी लागे आणि त्या कागदी खिशांच्या जाडजूड पुस्तकात ठेवल्या जात. त्या पुस्तकाला ‘अल्बम’ म्हणत. आज गीतसंग्रहाला अल्बम म्हटले जाते ते या पेटीवरून. अशा जुन्या तबकड्या जपणाऱ्यांची ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था १९९० साली मुंबईतच स्थापन झाली. सीडीवर एक तासाहून अधिक काळाचे संगीत मावू लागले तरी पेटीची गरज संपली नाही. छप्पन्न गीतांचे ‘गीतरामायण’ एका सीडीत मावत नाही. त्यासाठी संच लागतो, आणि संचातील एक तबकडी हरवली की कथा मध्येच तुटते.

तबकडीची नाजूक बाजू

पेटीची रचना करण्यापूर्वी आत ठेवावयाची वस्तू समजून घेणे अगत्याचे आहे. सीडीचा व्यास १२० मिलिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर आणि मधल्या छिद्राचा व्यास १५ मिलिमीटर असतो. वजन सुमारे पंधरा ग्रॅम. तिचे मुख्य अंग पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लॅस्टिकचे असते. त्यावर धातूचा अतिशय पातळ थर, त्यावर लाखेसारख्या संरक्षक द्रव्याचा थर आणि त्यावर नावाची छपाई असते.

येथे बहुतेकांची एक चुकीची समजूत असते. चकाकणारी बाजू नाजूक व छापील बाजू मजबूत, असे मानून सीडी छापील बाजूवर उपडी ठेवली जाते. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. चकाकणाऱ्या बाजूकडून माहितीच्या थरापर्यंत जवळजवळ पूर्ण १.२ मिलिमीटर प्लॅस्टिक असते. तेथील बारीक ओरखडा पुसता किंवा घासून काढता येतो. छापील बाजूस मात्र धातूवर केवळ पातळ लेप असतो. तेथे ओरखडा खोल गेला तर माहितीच नाहीशी होते. डीव्हीडीत माहितीचा थर दोन चकत्यांच्या मध्यभागी असल्यामुळे हा धोका कमी असतो.

संगीत वा माहिती ज्या पट्ट्यात असते तो पट्टा व्यासाच्या सुमारे ५० मिलिमीटरपासून ११६ मिलिमीटरपर्यंत असतो. म्हणून पेटीतील कोणत्याही भागाने तबकडीला केवळ दोनच ठिकाणी स्पर्श करावा : मध्यभागी छिद्राजवळ आणि बाहेरच्या कडेला. हा पेटीच्या रचनेचा पहिला नियम होय. फिलिप्स कंपनीतील पीटर डूडसन यांनी रचना केलेली पारदर्शक डबी जगभर रूढ झाली ती या नियमामुळे. या डबीत तबकडी मधल्या दातेरी बुंध्यावर बसते आणि अधांतरी राहते. बुंधा बोटाने दाबून तबकडी उचलावी. कडेला धरून ओढली की ती वाकते आणि आतील थर सैल पडतात.

बाजारात मिळणारे प्रकार

ग्रँट रोडजवळील लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्ग, हा संगणकाच्या सामानाचा मुंबईतील प्रसिद्ध बाजार. कोऱ्या सीडी व त्यांच्या डब्या तेथे अनेक वर्षे ढिगाने विकल्या गेल्या. काळा घोडा येथील ‘ऱ्हिदम हाउस’सारखी संगीताची नामांकित पेढी २०१६ साली बंद झाली, यावरून या व्यवसायाला लागलेली ओहोटी ध्यानात यावी. तरीही घराघरांत असलेला साठा मोठा आहे व तो पुढील चार प्रकारच्या आवरणांत आढळतो.

पहिला प्रकार दांडीच्या गोल डब्याचा. यात पन्नास किंवा शंभर सीडी एकावर एक रचतात. शंभर तबकड्यांची निव्वळ जाडी केवळ बारा सेंटिमीटर भरते, त्यामुळे जागेची मोठी बचत होते. परंतु तळाची तबकडी काढण्यासाठी वरच्या नव्याण्णव हलवाव्या लागतात. कोऱ्या सीडींसाठी हा डबा योग्य. भरलेल्या सीडींसाठी नव्हे.

दुसरा प्रकार चेन असलेल्या पाकिटाचा. प्रवासात व वर्गात नेण्यास हे पाकीट सोयीचे आहे. तथापि त्यातील प्लॅस्टिकचा खिसा तबकडीच्या दोन्ही अंगांना चिकटून असतो; आत धुळीचा कण शिरला की प्रत्येक वेळी ओरखडा उठतो. मऊ पीव्हीसीचे खिसे उष्णतेने चिकट होतात. म्हणून पाकिटात वापरावयाची प्रत ठेवावी, जतन करावयाची नव्हे.

तिसरा प्रकार कागदी लिफाफ्याचा. तो स्वस्त असला तरी साधा कागद दमट हवेत पाणी धरतो. इंग्लंडमधील एका कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात तयार झालेल्या अनेक सीडी पुढे तांबूस पडून निकामी झाल्या. त्यांचा संरक्षक लेप सदोष होता व डबीतील कागदामधील गंधकाचा त्यावर परिणाम झाला होता. आवरण स्वतःच शत्रू ठरू शकते, हा त्यातील धडा.

चौथा प्रकार म्हणजे प्रत्येक सीडीसाठी स्वतंत्र कडक डबी. ती १४२ मिलिमीटर लांब, १२५ मिलिमीटर रुंद व सुमारे १० मिलिमीटर जाड असते. शंभर सीडींना एक मीटर फळी लागते, म्हणजे जागा अधिक व्यापते. परंतु दीर्घ जतनासाठी हाच प्रकार सर्वांत भरवशाचा आहे.

मुंबईची हवा

अमेरिकेतील राष्ट्रीय मानक संस्थेने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत सीडी ४ ते २० अंश सेल्सियस तपमानात आणि २० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवाव्यात, असे सांगितले आहे. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. वातानुकूलित कोठार प्रत्येक चाळीत, शाळेत वा ग्रामपंचायतीत असणे शक्य नाही. यास्तव जे काम यंत्राने होत नाही ते काही अंशी पेटीने करावयाचे आहे.

दमट हवेने काय होते याचे एक उदाहरण नोंदविण्याजोगे आहे. मध्य अमेरिकेतील बेलीझ या उष्ण व दमट देशातून आणलेल्या एका सीडीवर बुरशी वाढून तिने प्लॅस्टिक व धातूचा थर पोखरल्याचे स्पेनमधील संशोधकांना आढळले. हे संशोधन २००१ साली प्रसिद्ध झाले. असे प्रकार विरळ असले तरी बुरशीला लागणारी हवा कोकण किनाऱ्यावर दरवर्षी चार महिने असते.

दुसरा धोका पाण्याचा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्यास केवळ ७३ मिलिमीटर झाला. एकाच शहरात इतका फरक पडू शकतो. दादर व परळ यांच्या मधला हिंदमाताचा सखल भाग तर पाणी तुंबण्यासाठी प्रसिद्धच आहे. म्हणून पेटी जमिनीवर, पलंगाखाली अथवा नळाच्या मार्गाखाली कधीही ठेवू नये. तळमजल्यावर ती कमरेच्या उंचीच्या वर असावी. पत्र्याखालचा माळाही टाळावा, कारण उन्हाळ्यात तेथील उष्णतेने तबकडी वाकते.

वीस सीडींची पेटी

या सर्व बाबी ध्यानात घेता शाळा, वाचनालय व ग्रामपंचायत यांना परवडेल अशी पेटी कशी असावी, याचा आराखडा पुढीलप्रमाणे करता येईल.

एका पेटीत वीसच सीडी असाव्यात. डबीसह एका सीडीचे वजन साधारण शंभर ग्रॅम धरले तर वीस सीडींचे दोन किलो होते. शाळेतील मुलगा किंवा वयस्क ग्रंथपालही ती एका हाताने उचलू शकतो. संकटसमयी पेटी उचलून नेता आली पाहिजे. न उचलणारी पेटी म्हणजे कपाट होय.

आतील मोजमाप लांबी २१५, रुंदी १४६ व उंची १३० मिलिमीटर असावे. वीस डब्या पुस्तकांप्रमाणे उभ्या राहतील आणि बोट घालून काढण्याइतकी मोकळी जागा राहील. आडव्या रचलेल्या तबकड्या वर्षानुवर्षांच्या भाराने व उष्णतेने वाकतात, म्हणून डब्या उभ्याच असाव्यात. पेटी अपुरी भरली असेल तर उरलेल्या जागेत प्लॅस्टिकची रिकामी डबी किंवा ठोकळा बसवावा, म्हणजे डब्या कलंडणार नाहीत.

पेटी कशाची करावी हा पुढचा प्रश्न. पत्र्याची पेटी समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत गंजते. स्वस्त प्लायवुडमधील डिंकाची वाफ बंद जागेत साचते व वाळवीची भीती असतेच. पुठ्ठ्याचे खोके ओल धरते व कसर त्यावरच वाढते. स्वयंपाकघरात धान्यासाठी वापरतात तसा घट्ट झाकणाचा, कड्या असलेला पॉलिप्रॉपिलीनचा डबा या कामी सर्वांत सोयीचा. तो पारदर्शक असल्यास वरून जाड सुती कापडाची खोळ शिवावी, कारण घरी वा कार्यालयात मुद्रित केलेल्या सीडीतील रंगद्रव्य प्रकाशाने फिके पडते. रुमालाची जुनी पद्धत येथे पुन्हा उपयोगी पडते.

घट्ट झाकणाबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. जुलैमध्ये बंद केलेल्या पेटीत जुलैचीच ओल कोंडली जाते. म्हणून पेटी जानेवारी-फेब्रुवारीतील कोरड्या दिवशी भरावी व आत सिलिका जेलची पुडी ठेवावी. रंग बदलणारे जेल घ्यावे. रंग पालटला की ते मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येते. डांबराच्या गोळ्या मात्र पेटीत चुकूनही ठेवू नयेत. कपड्यांना त्या उपयुक्त असल्या तरी त्यांच्या वाफेने डबीचे पॉलिस्टायरीन मऊ पडते.

क्रमांक आणि नोंदवही

गिरगाव, दादर व फोर्ट येथील कार्यालयांत दुपारी पोहोचणारा जेवणाचा डबा चुकत नाही, याचे रहस्य डब्यात नसून झाकणावरील खुणेत आहे. रंग, अंक व अक्षरे यांच्या त्या संक्षिप्त खुणेवरून डबा कोठून आला, कोठे जावयाचा व परत कोणत्या घरी न्यावयाचा हे डबेवाल्याला कळते. सीडीच्या पेटीलाही अशीच खूण हवी.

तिसऱ्या पेटीतील बारावी सीडी असेल तर ‘३/१२’ हा क्रमांक तीन ठिकाणी लिहावा : तबकडीच्या मधल्या पारदर्शक वर्तुळावर, डबीच्या कण्यावर आणि नोंदवहीत. तबकडीवर लिहिताना पाण्यात विरघळणाऱ्या शाईचे मऊ टोकाचे मार्कर पेन वापरावे. बॉलपेनाच्या टोकाने लेप चिरतो. चिकटपट्टीची चिठ्ठी लावू नये; ती सुकून आक्रसते, सोलताना लेप घेऊन निघते व फिरताना तबकडीचा तोल बिघडविते.

नोंदवहीत क्रमांक, विषय, कोणाचा आवाज, मुद्रणाची तारीख व ठिकाण, प्रत कोठे आहे आणि शेवटची तपासणी कधी झाली, एवढे सहा रकाने पुरेत. सीडी बाहेर दिली की तिच्या जागी नेणाऱ्याचे नाव व तारीख लिहिलेला पुठ्ठा उभा करावा. ‘कोणाचा आवाज’ हा रकाना सर्वांत महत्त्वाचा. वीस वर्षांनी सीडी वाजेल, पण पोवाडा कोण म्हणत आहे हे सांगणारा माणूस हयात नसेल.

पेटीने सर्व काही होत नाही

एवढी काळजी घेऊनही पेटी ही अमरत्वाची हमी नव्हे. घरी मुद्रित केलेल्या सीडीचे आयुष्य किती हे कोणत्याही उत्पादकाच्या आश्वासनावर सोडून चालणार नाही. त्याहून मोठी अडचण यंत्राची आहे. आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक संगणकांत सीडी घालण्याची सोय राहिलेली नाही. तबकडी सुस्थितीत असेल आणि वाजविणारे यंत्रच नसेल, तर तीही मुकीच झाली.

म्हणून पेटी भरताना दोन गोष्टी करणे आवश्यक आहे. पहिली, प्रत्येक सीडीतील साहित्य संगणकावर उतरवून त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवणे. एकाच इमारतीत ठेवलेल्या दोन प्रती पुराच्या व आगीच्या दृष्टीने एकच होत. दुसरी, बाहेरून जोडता येणारा सीडी वाचक पेट्यांच्या शेजारीच ठेवणे. दरवर्षी पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या सफाईच्या वेळी, प्रत्येक पेटीतील किमान दोन सीडी वाजवून पाहाव्यात. एक जरी अडखळली तरी त्या पेटीतील सर्वांच्या प्रती तपासाव्यात. ओली झालेली सीडी स्वच्छ पाण्याने धुऊन उभी वाळवावी. पुसावयाची असल्यास मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी. गोल फिरवून कधीही पुसू नये.

या सर्व खटाटोपास लागणारे साहित्य म्हणजे एक डबा, कापडाची खोळ, जेलची पुडी, एक पेन व एक वही. यांपैकी कोणतीही वस्तू तालुक्याच्या बाजारात न मिळण्याजोगी नाही. शिक्षकांनी इयत्ता आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांकडून अशी पेटी करवून घेतली, तर मोजमाप, हवामान व इतिहास हे तिन्ही विषय एकाच उपक्रमात शिकविता येतील. ग्रामपंचायत सदस्यांनी गावातील भजनी मंडळ, तमाशा कलावंत व वयोवृद्ध स्त्रिया यांचे ध्वनिमुद्रण कोणाकडे आहे याची चौकशी एका ग्रामसभेत केली, तर पहिली पेटी त्याच आठवड्यात भरू लागेल. अधिकाऱ्यांनी धारिकांना टाचलेल्या सीडी मोजून त्यांची यादी केली, तर मागणी आल्यावर शोधाशोध होणार नाही.

१९३१ साली गिरगावात ज्यांनी पहिला भारतीय बोलपट ऐकला, त्यांपैकी कोणालाही तो आवाज नाहीसा होईल असे वाटले नसावे. आज माळ्यावरच्या गठ्ठ्याकडे पाहणाऱ्यांनाही तसे वाटत नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी एक पेटी भरणे मात्र कोणालाही शक्य आहे.